बादशाह खान : गरजा थोड्या, मान ताठ



आपल्या मुलचेऱ्याहून फार दूर नाही अशा चपराळ्याजवळ वर्धा नदी वैनगंगेला मिळते आणि तिथून पुढे तिचे नाव प्राणहिता होते. ज्या जिल्ह्याला या नदीने आपले नाव दिले, त्या वर्ध्यात १९३४ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस एक पठाण राहावयास आला. सहा फुटांहून उंच देह, अंगावर हातकताईच्या जाड्याभरड्या कापडाचा सदरा, आणि सामान म्हणाल तर अगदी नावापुरते. सरकारने त्याला स्वतःच्या प्रांतात पाय ठेवण्यास बंदी केली होती. सुमारे तीन वर्षांच्या तुरुंगवासातून तो नुकताच सुटला होता आणि सुमारे तीन महिन्यांतच पुन्हा तुरुंगात जाणार होता. तरीही त्याला भेटून परतणाऱ्यांच्या मनावर एकच ठसा उमटे : या माणसाइतका मोकळा माणूस आपण पाहिला नाही.

हा माणूस म्हणजे खान अब्दुल गफ्फार खान. पठाणांनी प्रेमाने त्यांना बादशाह खान म्हटले, हिंदुस्थानने सरहद्द गांधी म्हटले. आपल्या घरांतील मुलांना हे नाव शाळेच्या पुस्तकातून, स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यातून ठाऊक असते. मात्र त्यांच्या आयुष्याची एक बाजू त्या धड्यात क्वचितच येते. आज वस्तूंच्या आणि हप्त्यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या आपल्या कुटुंबांसाठी तीच बाजू सर्वांत मोलाची आहे. ती अशी, की या माणसाने जगण्याला लागणाऱ्या वस्तू कमी करत नेल्या आणि त्या प्रमाणात त्याचे स्वातंत्र्य वाढत गेले. ते कसे घडले, हे त्यांच्या जीवनक्रमातून क्रमाने पाहू या.

खानाच्या घरातला मुलगा

प्रथम हे ध्यानात घ्या, की बादशाह खान गरिबीत जन्मले नव्हते. १८९० साली पेशावर जिल्ह्यातील उतमानझई या गावी त्यांचा जन्म झाला. वडील बेहराम खान हे मोठे जमीनदार, महंमदझई टोळीचे खान. घरात धान्य होते, गुरे होती, माणसांचा राबता होता. बेहराम खानांची ख्याती त्यांच्या जमिनीपेक्षा त्यांच्या सचोटीसाठी अधिक होती. गावातले लोक आपली पुंजी विश्वासाने त्यांच्याकडे ठेवावयास देत. पिढ्यानपिढ्या सूड उगवणाऱ्या त्या समाजात हा गृहस्थ शत्रूला क्षमा करणारा म्हणून ओळखला जाई. आई अक्षरशत्रू होती, परंतु नमाजनंतर बराच वेळ शांत बसून अल्लाहचे स्मरण करणारी होती. म्हणजे मुलाने घरात दोन गोष्टी शेजारीशेजारी पाहिल्या : संपत्ती आणि संपत्तीविषयीची अनासक्ती. पुढे त्याने पहिली सोडली, दुसरी आयुष्यभर जपली.

पेशावरच्या मिशन शाळेत शिकत असताना त्यांची निवड ब्रिटिश लष्करातील प्रसिद्ध ‘गाइड्स’ पलटणीत अधिकारपदासाठी झाली. त्या काळी पठाण तरुणाला याहून मोठा मान नव्हता. उत्तम गणवेश, पगार, गोऱ्या साहेबांच्या बरोबरीने बसण्याची आशा, सारे त्यात आले. पण पेशावरात एके दिवशी त्यांनी आपल्या एका मित्राला पाहिले. तो त्याच पलटणीत अधिकारी होता. त्याने केस इंग्रजी पद्धतीने कापले होते, राहणीही साहेबी ठेवली होती. एका कनिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याने भररस्त्यात त्याची याच केशभूषेवरून हेटाळणी केली आणि त्या मित्राला उलट एक शब्द बोलता आला नाही. तरुण अब्दुल गफ्फारने ती नोकरी त्याच दिवशी मनातून सोडून दिली.

वाचकहो, या प्रसंगावर क्षणभर थांबा. त्या मित्राने जे जे विकत घेतले होते, अंगावर चढवले होते, ते सारे साहेबांच्या बरोबरीला जाण्यासाठी होते. प्रत्यक्षात त्याच गोष्टींनी त्याचे तोंड बांधले. ज्याच्यासारखे दिसण्यासाठी आपण खर्च करतो, त्याच्यासमोर आपली मान आधीच खाली गेलेली असते. आज आपण एखादा महागडा फोन किंवा एखादे बोधचिन्ह असलेला बूट घेतो, तेव्हा नक्की कोणाच्या बरोबरीला जाऊ पाहतो, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

पुढे विलायतेस जाऊन शिकण्याचीही संधी चालून आली. थोरले बंधू, ज्यांना पुढे डॉ. खानसाहेब म्हणून सारे ओळखू लागले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून इंग्लंडला गेले होते. एक मुलगा दूर गेल्यावर दुसऱ्यालाही पाठवण्यास आईचे मन तयार होईना. आईच्या इच्छेपुढे त्यांनी विलायतेचा विचार सोडला.

शाळा, आणि ऋण काढून केलेले सण

१९१० साली, वयाच्या विशीत, त्यांनी उतमानझईला शाळा काढली. तुरंगझईचे हाजीसाहेब हे त्या कामातले त्यांचे वडीलधारे. सरकारला या शाळा नकोशा होत्या, म्हणून त्या बंद पाडण्यात आल्या. बादशाह खान मग गावोगाव हिंडू लागले. काही वर्षांत त्यांनी सरहद्द प्रांतातील शेकडो गावे पालथी घातली. या पायपिटीत त्यांना आपल्या समाजाचे दुखणे जवळून दिसले. अज्ञान होते, सूडाची परंपरा होती आणि तिसरे होते ते रूढींचे कर्ज.

पठाण शेतकरी कष्टाळू होता. परंतु लग्न, सुंता आणि मयत या तीन प्रसंगी त्याच्या कष्टाची कमाई वाहून जाई. गावाला जेवण घातले नाही तर नाक कापले जाईल, ही भीती. त्या भीतीपोटी जमीन गहाण पडे आणि सावकार दाराशी येई. आपल्या मराठीत ऋण काढून सण करणे म्हणतात, ते हेच. १९२१ साली त्यांनी ‘अंजुमन-ए-इस्लाह-उल-अफागिना’ ही सुधारणा-संस्था स्थापन केली. शाळा काढण्याबरोबरच हा वायफळ खर्च बंद करणे, नशा आणि वैर यांपासून लोकांना सोडवणे, ही तिची कामे होती. उद्योगाला कमीपणा मानणाऱ्या पठाणांना ते व्यापाराकडे, हातउद्योगाकडे वळा असे सांगत. म्हणजे साधी राहणी याचा अर्थ त्यांनी कधी आळस किंवा व्यवहाराचा तिटकारा असा घेतला नाही. हलाल कमाई करावी, पण ती दिखाव्याच्या चुलीत घालू नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

हे म्हणणे इस्लामच्या शिकवणीहून वेगळे नव्हते. आपल्या दीनमध्ये ‘इस्राफ’ म्हणजे गरजेपलीकडे जाणे आणि ‘तब्जीर’ म्हणजे नको तिथे उधळणे, हे दोन्ही निषिद्ध आहेत. कुरआनने खर्चाची वाट कंजूषपणा आणि उधळपट्टी यांच्या मधोमध आखून दिली आहे. याच्या उलट बाजूला ‘कनाअत’ आहे, म्हणजे मिळाले त्यात मनाची तृप्ती, आणि ‘जुहद’ आहे, म्हणजे दुनियेच्या वस्तू हातात असल्या तरी मन त्यांत न गुंतणे. प्रेषित मुहम्मद (स.) आपले फाटलेले कपडे आणि पादत्राणे स्वतःच्या हाताने शिवत. हजरत उमर (रजि.) बैतुल मुकद्दसला गेले ते ठिगळांच्या कपड्यात, आणि त्या ठिगळांनी त्यांच्या खिलाफतीचा दरारा तिळमात्र कमी झाला नाही. बादशाह खान हीच सुन्नत आपल्या काळात आणि आपल्या मुलुखात जगू पाहत होते.

१९२६ साली ते पत्नीसह हजला गेले. परतीच्या प्रवासात जेरुसलेम येथे जिन्यावरून पडून पत्नीचे निधन झाले. त्यांची पहिली पत्नी १९१८ च्या सुमारास आधीच वारली होती. वय अवघे छत्तीस, तरी त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. हजमध्ये गरीब-श्रीमंत सारे दोन न शिवलेल्या वस्त्रांत उभे राहतात आणि तेवढ्यावर माणसाचे भागते, हे प्रत्येक हाजी काही दिवस अनुभवतो. गावी परतल्यावर आपण बहुतेक तो अनुभव पेटीत घालून ठेवतो. बादशाह खानांनी तो घरी आणून वापरात ठेवला.

तांबडा सदरा आणि एक शपथ

१९२९ च्या अखेरीस त्यांनी ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना उभारली. नावातच तिचा हेतू होता : खुदाचे सेवक. खुदाला स्वतःला सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या निर्मितीची, माणसांची सेवा हीच त्याची सेवा. या संघटनेत येणाऱ्याला शपथ घ्यावी लागे. हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, वैर आणि भांडण वाढवणार नाही, साधे जीवन जगेन, आणि रोज किमान दोन तास समाजाच्या कामाला देईन, असा तिचा आशय होता.

बंदूक हा ज्या समाजाचा दागिना, त्या समाजातल्या हजारो माणसांनी ती खाली ठेवली, याचे जगाला आश्चर्य वाटले आणि आजही वाटते. पण शपथेत अहिंसेच्या सोबतीला साधी राहणी का घातली होती, इकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. कारण सरळ आहे. ज्याला गमावण्याची धास्ती आहे, त्याला सत्ता सहज वाकवू शकते. घर जप्त होईल, पगार थांबेल, मान जाईल, ही धास्ती ज्याच्या मनातून उतरली, त्याच्यावर कोणता दाब आणणार? संयम आणि साधेपणा ही त्या चळवळीची दोन पाती होती. एक काढले तर दुसरे निकामी झाले असते.

त्यांच्या गणवेशाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीस हे स्वयंसेवक साधे पांढरे कपडे घालत. गावोगाव हिंडताना ते लगेच मळत. तेव्हा कातडे कमावण्याच्या ठिकाणी जो स्वस्त, विटकरी रंग मिळे, त्यात कपडे बुडवून घेतले गेले. मळ दिसेना, खर्च वाढला नाही आणि चळवळीला ‘लाल डगलेवाले’ हे नाव मिळाले. रंगामागे कुठलाही डामडौल नव्हता. होती ती धुण्याच्या कष्टाची बचत.

२३ एप्रिल १९३० रोजी बादशाह खानांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला आणि अनेक माणसे शहीद झाली. माणसे पडत होती, मागची पुढे येत होती, पण हात उगारला गेला नाही. गढवाली पलटणीतील शिपायांनी जमावावर गोळी झाडण्यास नकार दिला, हेही त्याच वेळचे.

बेड्यांमधला मोकळा माणूस

बादशाह खानांच्या आयुष्यातील पाव शतकाहून अधिक काळ तुरुंगात गेला. १९१९ च्या पहिल्या अटकेत त्यांच्या घोट्याला बसेल अशी बेडी सापडेना. तोकडी बेडी जबरदस्तीने घालण्यात आली आणि पाय रक्तबंबाळ झाले. १९२१ च्या अखेरीस तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. एकांतकोठडी, दगडी जाते आणि रोजचे दळण. निकृष्ट अन्नाने दात-हिरड्यांचा आजार जडला, देह वाळला.

तुरुंगातही बाजार असतो, वाचकहो. पैसे चारले की तिथे हलके काम मिळते, बरे जेवण मिळते, सवलत मिळते. खानांच्या घरी पैशांना तोटा नव्हता. त्यांच्याविषयी असे सांगितले जाते, की दया येऊन एका कर्मचाऱ्याने आधीच दळलेले पीठ देऊ केले, तेव्हा त्यांनी तेही नाकारले. फसवणूक करून मिळणारा आराम त्यांना नको होता, आणि आपल्यापायी त्या गरीब माणसाची नोकरी जावी हेही नको होते. लाच देऊन मिळवलेली सवलत ही आणखी एक बेडी आहे, कारण ती देणारा उद्या ती काढून घेऊ शकतो. पायातली बेडी त्यांच्यावर लादलेली होती. ही दुसरी बेडी घालून घ्यायची की नाही, हे त्यांच्या हाती होते, आणि त्यांनी ती घातली नाही.

हा भेद आपल्या सर्वांसाठी महत्त्वाचा आहे. आपल्यावर परिस्थितीने लादलेली बंधने असतात. गरीब घरात जन्म, दुर्गम तालुका, मर्यादित रोजगार, यांतले बरेचसे आपल्या हाती नसते. परंतु त्यांच्याव्यतिरिक्त कितीतरी बंधने आपण स्वतः दुकानातून पैसे मोजून आणतो.

वर्ध्यातील दिवस

ऑगस्ट १९३४ च्या अखेरीस हजारीबागच्या तुरुंगातून सुटका झाली, पण सरहद्द प्रांत आणि पंजाब यांत प्रवेशबंदी कायम राहिली. तेव्हा जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून दोघे खानबंधू वर्ध्याला आले. जमनालालजी स्वतः मोठे व्यापारी होते, तरी सरकारची रायबहादुरकी त्यांनी परत केली होती. गांधीजीही त्या काळात वर्ध्यातच राहत होते. बादशाह खानांची नमाज तिथे कधी चुकली नाही, आणि सायंप्रार्थनेत त्यांच्या मुखातून कुरआनचे पठणही होई. दुसऱ्याच्या घरी राहून आपल्या दीनवर ठाम असणे आणि यजमानाच्या श्रद्धेचा मान राखणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी साधल्या. अल्पसंख्य म्हणून संमिश्र गावांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे शिकण्यासारखे आहे.

विलायतेत शिकत असलेली कन्या मेहर ताज हिला त्यांनी वर्ध्याला बोलावून घेतले आणि तिथल्या मुलींच्या आश्रमात ठेवले. लंडनहून वर्ध्याला! आज आपण मुलांना शिकण्यासाठी नागपूर-पुण्याला पाठवतो ते योग्यच आहे, आणि मुलीच्या शिक्षणाचे महत्त्व त्यांनाही पुरेपूर ठाऊक होते. मुलींच्या शिक्षणासाठी ते पठाणांशी वाद घालत. पण शिक्षणाच्या सोबतीला मुलीला स्वतःचे काम स्वतः करण्याची सवय लागावी, हेही त्यांना तितकेच आवश्यक वाटले.

या काळात काँग्रेसमध्ये त्यांचे स्थान फार वर होते. अध्यक्षपद त्यांना देऊ केले गेले आणि त्यांनी ते घेतले नाही. आपण शिपाई आहोत, सेवक आहोत, तेवढेच राहू, ही त्यांची भूमिका होती. वस्तूंचा मोह सोडणारे पुष्कळ आढळतात. पदाचा मोह सोडणारे थोडे. माणूस घरातले सामान कमी करतो आणि आपण किती साधे राहतो याचीच मिरवणूक काढतो; तेव्हा सामान गेले तरी हाव जागच्या जागी असते. ‘रिया’ म्हणजे दिखावा. तो रेशमातही असतो आणि खादीतही शिरू शकतो. पद नाकारणाऱ्या या माणसाच्या खादीत तो नव्हता.

७ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यातच त्यांना पुन्हा अटक झाली. मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. १९३६ साली सुटल्यावरही प्रांतबंदी उठली नव्हती, म्हणून ते पुन्हा आपल्या विदर्भात आले. या वेळी गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले होते. तिथली पहिली कुटी, ‘आदि निवास’, आजही उभी आहे. खर्च शंभर रुपयांच्या आत राहावा आणि सामान जवळपासच्या परिसरातले असावे, अशी गांधीजींची अट होती. माती, बांबू, कौले, एवढाच तो पसारा. त्या कुटीत गांधीजी, कस्तुरबा आणि इतरांसोबत बादशाह खान राहिले आणि आपल्या विदर्भाचे तुकडोजी महाराजही राहिले. उतमानझईच्या खानाचा मुलगा आणि वऱ्हाडच्या खेड्यातला भजनकार यांना एकाच मातीच्या भिंतीने छाया दिली. १९३७ साली बंदी उठली आणि ते मायदेशी परतले.

सर्व काही गेल्यावर

१९४७ च्या फाळणीने त्यांच्या आयुष्याची सर्वांत मोठी जखम केली. त्यांनी फाळणीला विरोध केला होता. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले, त्या काँग्रेसनेच ती मान्य केली तेव्हा आपल्याला एकाकी सोडले गेले, असे त्यांना वाटले आणि ते दुःख त्यांनी लपवले नाही. नव्या पाकिस्तानात त्यांना १९४८ पासून पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले. गोऱ्यांचे राज्य गेले, तुरुंग तेच राहिले. पुढे एका खटल्यात ठोठावलेला दंड भरण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांची जमीन जप्त करण्यात आली. जमीन गेली, पण दंड भरून अन्याय मान्य केल्याची सही मात्र सरकारला मिळाली नाही.

या त्यागाची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आईविना वाढणारी मुले, वर्षानुवर्षे दूर असलेला बाप, अर्ध्यावर राहिलेली सुखे, हे सारे त्यांच्या लेकरांनी सोसले. म्हणून कोणी असे समजू नये, की घरच्यांची गरज तोडून आपण साधेपणा मिरवावा. बायकामुलांवर केलेला रास्त खर्च आपल्या दीनमध्ये पुण्याचा आहे. बादशाह खानांचे घर ओस पडले ते बव्हंशी सत्तेने केलेल्या जुलमामुळे, आणि ती वेदना त्यांना होतीच.

१९६९ साली, अफगाणिस्तानातील वनवासातून, गांधी-शताब्दीच्या निमित्ताने ते भारतात आले. वय ऐंशीच्या घरात. दिल्लीच्या विमानतळावर पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः हजर होत्या. पाहुण्याच्या हातात कापडाचे एक गाठोडे होते, आणि इतक्या मोठ्या दौऱ्याचे सारे सामान तेवढेच. इंदिराजींनी ते घेण्यासाठी हात पुढे केला, पण त्यांनी दिले नाही. आपले ओझे आपणच वाहिले. त्या सुमारास गुजरातेत दंगली उसळल्या होत्या. सत्कार, हारतुरे बाजूला ठेवून त्यांनी तीन दिवस उपवास केला. ज्याला कोणाकडून काही घ्यायचे नसते, तो यजमानाच्या घरातही खरे बोलू शकतो. पुढे संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर उभे राहून भारताला त्याची चूक दाखवण्यास ते कचरले नाहीत.

१९८७ साली त्यांना भारतरत्न देण्यात आले. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावर येथे त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार दफन अफगाणिस्तानातील जलालाबादेत झाले. त्या देशात तेव्हा युद्ध पेटले होते, तरी त्यांच्या दफनासाठी दोन्ही बाजूंनी शस्त्रे थांबवली. दुर्दैवाने त्या गर्दीत बॉम्बस्फोट होऊन काही निरपराध प्राणास मुकले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

आपल्या उंबरठ्यावर

वाचकहो, आता आपल्या घराकडे वळू या. आपला मुलचेरा तालुका जंगलाचा. कोणाचे किराणा दुकान आहे, कोणाची भाड्याची गाडी, कोणी दुरुस्तीचे काम करतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा पैसा हाती आला की साऱ्या बाजारपेठेत चैतन्य येते. आपल्या शेजारच्या गोंड-माडिया टोल्यांवर वस्तू थोड्या आहेत, पण तिथला अभाव हा साधेपणा म्हणून गौरवू नये. ज्याच्याकडे दवाखाना नाही, पक्का रस्ता नाही, त्याला कमी वस्तूंचे महत्त्व सांगणे ही थट्टा होईल. गरज भागणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. जकातीची व्यवस्था त्यासाठीच आहे. कनाअतचा पाठ आहे तो ज्याची गरज भागली तरी हाव भागत नाही त्याच्यासाठी, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांसाठी.

बाजार आता जंगल ओलांडून हातातल्या फोनमध्ये आला आहे. काय हवे हे आपल्याला कळण्याआधी तो सांगतो. खिशात पैसे नसले तरी हप्ता बांधून देतो. गाडीचा हप्ता, फोनचा हप्ता, बचत गटाचा हप्ता, लग्नाच्या कर्जाचा हप्ता. त्यात व्याज आहे, म्हणजे सूद आहे, आणि सूदच्या बाबतीत आपल्या दीनचा इशारा किती कठोर आहे, हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही. पण हलाल-हरामच्या प्रश्नाइतकाच दुसराही प्रश्न आहे. ज्याच्या डोक्यावर चार हप्ते आहेत, तो मालकाच्या अन्यायाला नाही म्हणू शकतो का? गावाच्या सभेत खरे बोलू शकतो का? मुलीसाठी आलेल्या स्थळाने मागणी वाढवली, तर उठून जा म्हणू शकतो का? आपले तोंड कोणी कायद्याने बंद केलेले नाही. ते आपण महिन्याच्या पाच तारखेला स्वतःच गहाण ठेवतो.

निकाह हा आपल्याकडे सर्वांत सोपा असावयास हवा होता. मेहर, दोन साक्षीदार, ईजाब-कबूल आणि ऐपतीप्रमाणे वलिमा. त्यावर आपण मंडप, बँड, चारचाकी, फर्निचर आणि हजार पानांची पंगत चढवली. पंगत उठते, पाहुणे जातात, कर्ज मात्र घरातच राहते. शंभर वर्षांपूर्वी उतमानझईच्या गावांत बादशाह खान हेच सांगत हिंडत होते.

करण्यासारख्या गोष्टी लहानच आहेत. एखादी वस्तू घेण्यापूर्वी तीन दिवस थांबावे. तेवढ्यात इच्छा ओसरली तर ती गरज नव्हती. उधारीवर चैनीची वस्तू आणू नये. घरात वापरात नसलेले चांगले कपडे, भांडी, पुस्तके ज्याला हवीत त्याला द्यावीत, आणि देताना फोटो काढू नयेत. निकाहाचा खर्च दोन्ही घरांनी बसून आधी ठरवावा, आणि तो कर्जाशिवाय भागेल इतकाच ठरवावा. जो वेळ आणि पैसा यातून उरेल, त्याचा एक वाटा खुदाई खिदमतगारांच्या त्या दोन तासांप्रमाणे दुसऱ्याच्या कामाला लावावा. साधेपणातून काही उरले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले नाही, तर तो केवळ काटकसरीचा छंद ठरतो.

आपल्यापैकी प्रत्येकाचा शेवटचा प्रवास कफनाच्या काही कापडांत होणार आहे. त्या प्रवासात कोणतेही सामान सोबत येत नाही, आणि तिथे हिशोब मात्र प्रत्येक वस्तूचा आहे : कुठून कमावले, कुठे खर्चले. बादशाह खानांनी तो हिशोब आधीच थोडका करून ठेवला होता. त्यांच्याइतके आपल्याला साधणार नाही, परंतु आपल्या गाठोड्यातली एखादी गाठ या महिन्यात सोडणे आपल्या हाती आहे.

अल्लाह त्यांच्या चुका माफ करो, त्यांच्या खिदमतीचा स्वीकार करो आणि आपणा सर्वांना सूद, दिखावा आणि हाव यांच्या गुलामीतून सोडवून केवळ त्याच्याच बंदगीचे स्वातंत्र्य लाभू देवो. आमीन.